सुट्या भागांसाठी

१

गेल्या अकरा उन्हाळ्यांत असा एकही शनिवार गेला नव्हता, की सकाळी सहाला लाइल ब्रेक्केची जुनी पिकअप ड्वेन सोबोटाच्या दारात उभी नाही. मे उजाडला की विस्कॉन्सिनमधल्या त्या गावांत लोक आपापल्या गराजची दारं वर करतात, वर्षभराची अडगळ घडीच्या टेबलांवर मांडतात, प्रत्येक वस्तूवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर किंमत लिहितात आणि शेजारी खुर्ची टाकून बसतात. ड्वेन यायचा मासेमारीच्या सामानासाठी. लाइल यायचा व्हॉल्व्हच्या, म्हणजे तापून नारिंगी होणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या, जुन्या सेटांसाठी. १९९६ साल होतं, अख्खं जग सीडीच्या मागे लागलं होतं, आणि एकेकाळी दिवाणखान्याची शोभा असलेले अ‍ॅम्प्लिफायर लोक दहा-वीस डॉलरला फुंकून टाकत होते.

लाइलचा जन्म टेलिफोनच्या तारा ओढण्यात गेला होता. आता तो निवृत्त होता, आणि स्वस्तात माल उचलण्यात त्याचा हात धरणारा काउंटीत कोणी नव्हता. आधी गळाच्या काठ्या चाळायच्या, मग उगीच दोन बशा उलट्या करून बघायच्या, आणि निघता निघता, जणू आत्ताच दिसला, तसा बुटाच्या टोकाने सेट दाखवून म्हणायचं, "हे काही चालत नसेल. सुट्या भागांसाठी नेतो, काय घ्याल बोला." सुट्या भागांसाठी म्हटलं की किंमत निम्मी. मोडायला नेणाऱ्याकडून जास्त कोण मागणार? लाइलने आजवर एकही सेट मोडला नव्हता. सेट घरी आणायचा, हळूहळू विजेवर घ्यायचा, आणि एकदा पेटला की आठ दिवस बंद करायचा नाही, हा त्याचा नेम. वर्षानुवर्षं झोपलेलं यंत्र उठवून लगेच परत झोपवलं तर ते मरतं, असं त्याचं म्हणणं होतं.

गाडी मात्र नेहमी लाइलच चालवायचा, आणि त्याचं कारण त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. त्याचा डावा कान जवळजवळ गेला होता. तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं; त्यावर तो असला की ड्वेन उजवीकडे बसायचा, म्हणून निभायचं. आता उजवाही दगा द्यायला लागला होता. पक्षी गेले, घड्याळाची टिकटिक गेली, आणि गेली दोन वर्षं मार्लिसच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, बोलण्यातली निम्मी अक्षरं वाटेतच गळत होती. लाइल "हं" म्हणायचा. "हं" बहुतेक ठिकाणी चालून जातं. नुसत्या आवाजावरून "तिसरा व्हॉल्व्ह गेलाय" असं सांगणाऱ्या माणसाच्या जिवावर येत होतं, की बायकोला विचारावं, काय म्हणालीस?

जूनच्या दुसऱ्या शनिवारी ड्वेनने पेपरातल्या एका जाहिरातीवर बोट ठेवलं. "काउंटी रोड डबल-डी. 'घरसामान, अवजारं, तीन जनरेटर.' तीन? या लोकांनी काय वीज कंपनी काढली होती?"

घर रस्त्यापासून आत, मक्याच्या शेताच्या टोकाला होतं. पत्रपेटीवर इलेनफेल्ड असं नाव. लाइल गाडीतून उतरला तोच एक म्हातारा कुत्रा धावत आला, चार पावलांवर थांबला आणि मान ताणून भुंकायला लागला. प्रत्येक भुंकण्याबरोबर त्याचं अंग हलत होतं. लाइलला काही ऐकू आलं नाही. मागे घराचं जाळीचं दार स्प्रिंगने खेचलं जाऊन चौकटीवर आपटलं, शेजारची काच थरथरली. तेही ऐकू आलं नाही.

झालं, आज उजवाही गेला, असं त्याच्या मनात आलं. पण तेवढ्यात त्याच्याच बुटाखालची खडी करकरली, आणि गराजमधून ड्वेन ओरडला, "लाइल, ये लवकर, कॉफी फुकट आहे." तेही स्वच्छ ऐकू आलं. मग त्याने मनाची समजूत घातली. म्हातारा कुत्रा, घसा गेला असेल. दाराच्या चौकटीला लोकरीचा नमदा लावला असेल. अशी दहा कारणं सापडतात.

खुर्चीत ऐंशीच्या घरातली एक उंच, सडपातळ बाई बसली होती, मांडीवर पैशांचा डबा. ती सगळ्यांकडे बघून हसायची, मान हलवायची आणि किमतीच्या पट्टीवर बोट ठेवायची.

सेट कोपऱ्यात होता. चादर अर्धी घसरलेली. अक्रोडाच्या लाकडाचं कमरेएवढं खोकं, पुढे कापड लावलेला एक मोठा भोंगा आणि एकच बटण. कंपनीचं नाव कुठे नाही. पट्टीवर चाळीसचा आकडा. लाइलने काठ्या चाळल्या, बशा उलट्या केल्या आणि मग सेटपाशी जाऊन वायर उचलली. वस्तू लावून बघायला टेबलाशी विजेची जोडणी ठेवलेलीच असते. तो वाकला, तेवढ्यात बाई तरातरा आली. या वयात एवढी चपळाई त्याने पाहिली नव्हती. तिने त्याच्या हातातला प्लग हळूच काढून घेतला आणि मान हलवली.

"चालत नाही ना? मला वाटलंच," लाइल म्हणाला. त्याला मनातून आनंद झाला होता. "मग सुट्या भागांसाठी नेतो. मोडूनच टाकणार आहे."

बाईने दोन्ही मुठी एकमेकींजवळ आणून काडी मोडल्यासारखं केलं आणि त्याच्याकडे बघितलं.

"हो, मोडणार. लाकडाचं काहीतरी करीन."

तिने चाळीसवर काट मारून दहा लिहिलं. सेट गाडीत चढवायला तिने स्वतः हात लावला. निघताना तिने लाइलचा हात दोन्ही हातांत धरला, आणि तिचे ओठ हलले. काहीतरी लांबलचक सांगत होती.

"हं," लाइल म्हणाला.

गाडीत मागे एक जनरेटरही होता, ड्वेनने घेतलेला. "कितीला पटवलास?" ड्वेनने विचारलं.

"दहा."

"चोर आहेस. आणि एवढं करून वाजणार काय त्यातून? मी मागे बघितलं, रेडिओ नाही, रेकॉर्डच्या तबकडीची वायर लावायला भोक नाही."

"बाई तुझ्याशी बोलली का रे काही?"

"कुठली बोलते. जुनी जर्मन माणसं, शब्दाला पैसे पडतात त्यांना. कुत्रंसुद्धा तसलंच पाळलंय, भुंकायचं नाव नाही."

२

सेटबद्दल ड्वेन म्हणाला ते खरं होतं. लाइलने गराजमधल्या आपल्या कामाच्या टेबलावर खोक्याची पाठ उघडली. आतलं काम इतकं नेटकं होतं की बघत राहावं. पाच व्हॉल्व्ह, जाड तारा, प्रत्येक जोड चकचकीत. पण आत काही येण्याची सोयच नव्हती. फक्त वीज आत आणि आवाज बाहेर.

किमतीची पट्टी सोलताना तिच्याखाली दुसरी, पिवळी पडलेली पट्टी निघाली. पुरुषी, चौकोनी अक्षर: विकायचं नाही. त्यात नवल नव्हतं. गराज उघडं टाकलं की लोक शिडी आणि फ्रीजचीसुद्धा किंमत विचारतात, म्हणून घरच्या वस्तूंवर तशा पट्ट्या लावाव्या लागतात.

त्याने वीज थोडी थोडी वाढवत नेली. व्हॉल्व्ह नारिंगी झाले.

आधी आली ती शांतता. पण ती त्याच्या गराजची शांतता नव्हती. त्या शांततेला लांबी-रुंदी होती. बुटकं छत, लाकडी जमीन, उघडी खिडकी, असं एक स्वयंपाकघर लाइलला कानांनी दिसलं. मग कपात चमचा फिरला, आणि शेवटी बशीवर टेकताना किणकिणला. इतका बारीक आवाज त्याने दहा वर्षांत ऐकला नव्हता. मग एक स्प्रिंग ताणली गेली, जाळीचं दार धाडकन आपटलं आणि लाइल दचकून मागे सरला. कुत्रा भुंकला, तीनदा. आणि पलीकडच्या खोलीतून एक बाई सावकाश म्हणाली, "आर्नी, जेवायला ये. थंड होतंय."

एकही अक्षर गळलं नव्हतं. लाइल पालथ्या बादलीवर बसला आणि रडला. दुःखाने नाही. आपण काय गमावून बसलोय याचा अंदाजच नव्हता त्याला, आणि ते सगळं एकदम परत मिळालं होतं.

मग त्याची अक्कल जागी झाली. आत कुठेतरी टेप असणार. त्याने बॅटरी लावून कानाकोपरा पाहिला, टेप नव्हती. शेजारच्या कोणाचा वायरलेस पकडला जात असेल. पण शेजारी सहलीला गेले होते. तो परत बादलीवर बसला. कारण सापडलं नाही म्हणून माणूस ऐकायचं थोडंच थांबतो?

कोणीतरी खांद्यावर थाप मारली. मार्लिस होती, हातात कालथा. "तीनदा हाक मारली मी."

"सेट चालू होता."

ती वाकून ऐकायला लागली. तिलाही ऐकू येत होतं, हे पाहून लाइलला बरं वाटलं. निदान आपलं डोकं ठिकाणावर होतं. "कोण आहे ही?"

"कोणास ठाऊक. जुनं काहीतरी आहे."

"आवाज गोड आहे," मार्लिस म्हणाली. "चल, पानं घेतलीत."

सेट चालूच राहिला. आठ दिवसांचा नेम.

३

मंगळवारी त्या बाईचं घर विरत गेलं आणि दुसरं घर यायला लागलं. लाइलने पहिल्याच आवाजाला ओळखलं. त्यांचं पुढचं जुनं दार, ज्याची खालची बिजागरी उघडताना कण्हायची. ते दार त्याने स्वतःच्या हातांनी अठरा वर्षांपूर्वी फोडून जाळलं होतं.

मग शिवणयंत्र. मग लग्नानंतर घेतलेला पहिला फ्रीज, धाप लागल्यासारखा थांबणारा. आणि त्या सगळ्यांमागून मार्लिसचं हसणं आलं. पहिल्या वर्षी छत रंगवताना डबा लाइलच्याच डोक्यावर उपडा झाला होता आणि ती उचकी लागेपर्यंत हसली होती. ते हसणं उचकीसकट तिथे होतं. ती सव्वीस वर्षांची होती. तेव्हा त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर नव्हता, गावात कोणाकडेच नव्हता. लाइल टोपी काढून बसला. का काढली हे त्यालाही सांगता आलं नसतं. चर्चमध्ये काढतात तशी काढली. या भिंतींनी अडतीस वर्षांत एक शब्द सांडू दिला नव्हता, आणि आता तो सगळा साठा त्याच्यापुढे उघडा पडला होता.

बुधवारी किटली जळाली. शिट्टीची किटली, पण पाणी आटून बूड काळं होईपर्यंत शिट्टी झाली नाही. "तू तर टेबलाशीच बसला होतास," मार्लिस म्हणाली.

"हं," लाइल म्हणाला आणि मान खाली घातली.

गुरुवारी तो हार्डवेअरच्या दुकानात जातो असं सांगून शेजारच्या गावी कान तपासायला गेला. तिथल्या तरुण डॉक्टरीण बाईंनी आलेख पुढे ठेवला. "गेल्या वर्षी होते तेवढेच आहेत, मिस्टर ब्रेक्के. तिळभरही उतरलेले नाहीत."

"मग मला घरचं दार का ऐकू येत नाही? किटली का नाही?"

"दार वाजतच नसेल," त्या हसून म्हणाल्या. "तुम्ही घरी विचारून बघा ना."

विचारायची वेळ आलीच नाही. शुक्रवारी संध्याकाळी ते दोघं नेहमीसारखे गावातल्या खानावळीत तळलेले मासे खायला गेले. मार्लिस त्याच्या उजवीकडे बसली. ती अलीकडे नेहमीच उजवीकडे बसायची, आणि लाइलच्या ते कधी ध्यानात आलं नव्हतं. ती कानाशी वाकली. "लाइल, दाराला तेल घातलंस का?"

"नाही."

"परवापासून वाजत नाही. घड्याळ चालतंय, पण टिकटिक नाही. नळाचं पाणी पडतं ते बिनआवाजी. मला वाटलं माझेच कान गेले." ती हसली, आणि त्या हसण्यात निम्मी नुसती हवा होती. तिने गळ्याला हात लावला. "घसा बसलाय बघ. कालपासून बसलाय."

लाइलने काटा खाली ठेवला. आदल्याच दिवशी दुपारभर तो तिला गाताना ऐकत बसला होता, गराजमध्ये, बादलीवर.

४

शनिवारी सकाळी मार्लिस ओठ हलवून काहीतरी म्हणाली आणि त्यातून कुजबुजीपेक्षा कमी आलं. लाइलने ड्वेनला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. "काय रे, मेलास का?" ड्वेनने विचारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच हे घडत होतं.

मग तो गराजमध्ये गेला, सेट बंद करायला. बटणावर हात ठेवला. आत कुठल्याशा उन्हाळ्यातली मार्लिस दोरीवर कपडे घालत गुणगुणत होती, गळा खणखणीत. बंद केला आणि परत लागलाच नाही तर? हे सगळं कुठे जाईल? आणि आठ दिवस तरी कुठे झाले होते, सातच झाले होते. स्वतःच्या हावेला नाव द्यायची लाज वाटली की माणूस नेमाचा आधार घेतो. लाइलने सेट चालूच ठेवला आणि काउंटी रोड डबल-डी गाठला.

मिसेस इलेनफेल्ड ओसरीवर स्ट्रॉबेरीचे देठ काढत बसली होती. कुत्रा धावत आला, भुंकला, आवाज आला नाही. लाइल पायरीशी उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने वाटेत ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तुमचा आवाज ऐकला मी. तुम्ही आर्नीला जेवायला बोलवत होता."

बाईचे हात थांबले. मग तिने कापडाला हात पुसले, खिशातून चिकटपट्टीचं भेंडोळं आणि जाड पेन काढलं, एक तुकडा फाडला, लिहिला आणि टेबलाच्या कडेला चिकटवला.

कसा होता?

"छान," लाइल म्हणाला. "तरुण होता. तुम्हाला कसली घाई नव्हती."

तिने डोळे मिटले. उघडल्यावर तिने दुसरा तुकडा फाडला. तू मोडणार होतास.

"मी तसं सगळ्यांनाच सांगतो. किंमत कमी व्हावी म्हणून."

यावर ती रागावली असती तर लाइलला बरं वाटलं असतं. तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं, चूक आपलीच असल्यासारखं. मग ती लिहीत गेली आणि पट्ट्या एकीखाली एक लागत गेल्या. आर्नीला कमी ऐकू यायचं. त्यातून मी बोलले की सगळं ऐकू यायचं त्याला. सोळा वर्षं. हिवाळ्यात तो गेला. मग मीच बंद केलं. ऐकायला कोण होतं?

"आणि बंद केल्यावर?" लाइलने विचारलं. "तुमचा आवाज परत नाही आला?"

उत्तर तिच्या पायाशी बसून बिनआवाजी भुंकत होतं. तिने घाईने शेवटचा तुकडा फाडला आणि तो टेबलावर न लावता सरळ लाइलच्या मनगटावर लावला.

बंद करून आलास ना?

घरात भिंतीवर फोन होता. लाइलने नंबर फिरवला. तबकडी बोटाखाली फिरली, तिचीही खरखर नाही. पलीकडे मात्र घंटी वाजली, एकदा, दोनदा, आणि कोणीतरी उचलला.

"मार्लिस?"

फोनमध्ये तिचा श्वासही नव्हता. फक्त त्याच्या घराची खोली होती, रिकामी. आणि मग लांबून, स्वयंपाकघर आणि भिंत ओलांडून, गराजच्या दिशेने, मोठा, ऊबदार, सव्वीस वर्षांचा आवाज आला.

"हॅलो? कोण बोलतंय?"

५

वीस मैल त्याने कसे काढले ते त्याला आठवत नाही. पश्चिमेला आभाळ काळंनिळं झालं होतं, शेतांवरचा वारा पडला होता. अंगणात गाडी थांबवून तो धावला. जाळीचं दार मागे आपटलं असणार.

"मार्लिस!" त्याने हाक मारली. घशात जोर लागला, छाती भरून रिकामी झाली. पण हाक त्याच्या तोंडातून आली नाही. ती गराजमधून आली, त्याच्याच आवाजात, पण म्हातारपणापूर्वीच्या आवाजात. "मार्लिस!"

ती तिथेच होती. बादलीवर, सेटसमोर, हात मांडीवर घेऊन. व्हॉल्व्ह नारिंगी जळत होते. तिने वळून पाहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भीती होती, पण भीतीहून जास्त काहीतरी होतं. पहिला बर्फ पडताना खिडकीशी उभी राहायची तेव्हा ती अशी दिसायची.

लाइल सरळ भिंतीकडे गेला आणि प्लगला हात घातला. तिने उठून त्याचं मनगट धरलं. तिथे लावलेली पट्टी तिने वाचली आणि मग मान हलवली.

तिचे ओठ हलले. शब्द खोक्यातून आले, आणि एकूण एक आले. "लाइल, ऐकू येतंय का रे तुला मी काय म्हणते ते?"

"येतंय," तो म्हणाला. खोकं म्हणालं.

"एकदाच सांगितलं, आणि ऐकलंस." ती हसली, आणि हसणं उचकीपाशी जाऊन थांबलं. "दोन वर्षं झाली, प्रत्येक गोष्ट मी दोनदा बोलते. एकदा तुझ्या 'हं'साठी आणि एकदा खरी. तुला काय वाटलं, मला कळत नाही? गुरुवारी हार्डवेअरच्या दुकानातून काय आणलंस, हात हलवत आलास तो?"

"लाज वाटायची गं."

"माहीत आहे. म्हणून तर गप्प होते."

"हा बंद केला तर तुझा आवाज जाईल, मार्लिस. त्या बाईचा गेला. आणि चालू ठेवला तर आपल्याला याच्यासमोरून हलता येणार नाही."

"आपण असे कुठे जातो रे? शुक्रवारी मासे खायला, एवढंच ना?"

लाइलला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही त्या खोक्यातून इतकी स्वच्छ ऐकू आली की तो शरमला. ती मात्र कान देऊन ऐकत होती. तिलाही त्याचा तो आवाज कित्येक वर्षांनी मिळाला होता. मग तिने त्याच्या टेबलावरची चिकटपट्टी घेतली, तुकडा फाडला, लिहिलं आणि अक्रोडाच्या लाकडावर, जुनी पट्टी होती त्याच जागी, अंगठ्याने दाबून बसवला.

विकायचं नाही.

लाइलने दुसरी बादली ओढली. दोघं शेजारी बसून बोलायला लागले, आणि किती बोलायचं साठलं होतं ते बोलायला लागल्यावर कळलं. डोक्यावरचा दिवा जळत होता, खिडकीत आभाळ आणखी काळं होत होतं. तिच्या आईच्या शेवटच्या आजारपणाबद्दल ती सांगत होती, जे तिने तेव्हाही सांगितलं होतं आणि ज्यावर तो "हं" म्हणाला होता. आता तो प्रत्येक शब्द ऐकत होता. इतका सुखी तो कधी झाला होता हे त्याला आठवेना.

दिवा एकदा मंदावला. व्हॉल्व्हची नारिंगी लाल झाली, आणि लगेच परत उजळली. सगळं मिळून एका शब्दापुरतं. मार्लिस नेमकी तेव्हा बोलत होती.

"...खिडक्या लावून घे, पाऊस येतोय," खोकं म्हणालं.

"आधी काय म्हणालीस?" लाइलने विचारलं. दोन वर्षांत त्याने हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

तिने परत सांगितलं. सुरुवातीला तिचे ओठ हलले तसे ते अडतीस वर्षं हलत आले होते, तो शब्द त्याने झोपेतही ओळखला असता. खोक्यातून खिडक्या आल्या, पाऊस आला. आधीचा शब्द आला नाही. तिने तेवढाच म्हणून पाहिला. मग जोरात, मानेच्या शिरा ताणून. व्हॉल्व्ह शांतपणे जळत होते. दारापलीकडून वादळाचा पहिला गडगडाट आला, तो मात्र खराखुरा.

लाइलला इलेनफेल्डांचे तीन जनरेटर आठवले, वीज क्षणभरही जाऊ नये म्हणून ठेवलेले.

मार्लिसने त्याची बाही धरून ओढली. त्याचं नाव गेलं होतं, त्याला बोलवायला तिच्याकडे आता एवढंच उरलं होतं. त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला, सोडला, चिकटपट्टीचा लांब तुकडा फाडला आणि ड्वेनच्या दारात उभं राहून दाखवायला त्यावर लिहिलं:

तुझा जनरेटर हवा. आत्ता. सांगशील ती किंमत.